लाटसाहेबांची पाटलोण

हद्दपारीची बारा वर्षं भोगून शिंपी परत आला तो खोटी दाढी लावून, आणि थेट स्वतःच्याच दुकानात कारागीर म्हणून चिकटला. दुकान आता थोरली बहीण चालवत होती. तिने त्याला नखशिखांत न्याहाळलं, "सुई धरता येते ना?" एवढंच विचारलं आणि मशीन दाखवलं.

हद्दपारी सुनावली न्यायाधीशाने, पण तिच्यावर सही होती लाटसाहेबांची. त्यांची सलामीसाठीची नवी पाटलोण याच दुकानात शिवायला आलेली. शिंप्याने सूड आखला. बसण्याच्या जागी पक्की टीप घालायचीच नाही, नुसता धावदोरा. भर मैदानात साहेब खुर्चीवर टेकले की सरकारची अब्रू टर्रकन चव्हाट्यावर! त्यापायी फासावर जायचीही त्याची तयारी होती. स्वतःच्या गळ्याचं माप त्याने घेऊन ठेवलं होतं.

सलामीच्या दिवशी तो बहिणीशेजारी गर्दीत उभा राहिला. बँड वाजला. साहेब खुर्चीपाशी आले, किंचित वाकले आणि चटकन पुन्हा ताठ झाले.

"बसत का नाही हा?" शिंपी पुटपुटला.

"कसा बसेल? तुझा धावदोरा उसवून मी दुहेरी टीप मारली. अर्धा इंच कापड आत गेलं, पाटलोण घट्ट झाली."

त्याचा हात दाढीकडे गेला. "बाई, तुम्ही मला..."

"बाई कोणाला म्हणतोस रे? पहिल्याच दिवशी ओळखलं. सकाळची दाढी दुपारी कानाखाली सरकते तुझी."

"ताई, बारा वर्षं मी या दिवसाची वाट पाहिली! वाटोळं केलंस!"

"सूड घे की, नको कोण म्हणतंय? पण बाबांच्या दुकानातून कच्ची शिवण बाहेर जाणार नाही."

आता साहेब उभे असताना कुणी बसायचं नाही, हा सरकारचाच कायदा. भाषणं होती अकरा. ऊन चढलं. चौथ्या भाषणाला पोलीसप्रमुख आडवे झाले, पाठोपाठ खजिनदार. सातव्याला न्यायाधीश टोपासकट कोसळले. जनतेला कचेऱ्यांच्या दारात उभं राहायची जन्माची सवय. ती मजेत बघत होती.

संध्याकाळी कचेरीचा शिपाई दुकानात आला. "साहेब इतके ताठ कधीच दिसले नव्हते म्हणे. वरचे खूश आहेत. सगळ्या अधिकाऱ्यांना अश्शाच पाटलोणी हव्यात. चाळीस."

तो गेल्यावर शिंप्याने कात्री उचलली.

"ताई, पाऊण इंच आत घेऊ?"

ताईने मापांची वही उघडली.

"न्यायाधीशाला एक घे."