कोरडी माशी

दिवस मावळायच्या आत माशी बांधून दिली नाही, तर आमच्या ह्यांना भोकरदनच्या कोठडीत नेणार होते. माशीपायी माणूस कोठडीत! हसावं की रडावं, तेच मला कळेना.

पूर्णेवर पूल बांधायचा म्हणून एक गोरा साहेब जाफराबादेला तंबू ठोकून बसला होता. सामान वाहायला ह्यांना वेठीला धरलं. नदी उतरताना ह्यांचा पाय घसरला आणि साहेबाची डबी वाहून गेली. डबीत काय, तर मासे फसवायच्या पिसांच्या माश्या! तेवढ्यावरून शिपायानं ह्यांना चोर ठरवून चावडीत बसवलं.

दुपारी साहेबाचा खानसामा दारात आला. त्याच्या तळहातावर दोन गळ आणि नमुन्याला उरलेली, मासळीनं चावून चोथा केलेली एक माशी होती.

"बद्रीनाथ पटवेकरी का घर येईच ना? साहेबकू सूखी मख्खी होना. पानीपर तैरना. तैरी तो तेरा मरद छूटा."

"आन् बुडली तर?"

त्यानं गळ आणि माशी माझ्या हातावर ठेवली.

आमचा धंदा दागिने रेशमात गाठायचा. पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवला की माझे हात आपोआप चालतात. गळही मी अंगठ्यालाच बांधला. शेजारच्या गोजरबाईच्या तांबड्या कोंबड्याच्या मानेची पिसं उपटली. तिनं शिव्या घातल्या, पण कोंबडा धरलाही तिनंच. शेपटीला पिसाचे चार तंतू, अंगाला रेशीम, मानेशी पिसाचे वेढे आणि शेवटी आमची गाठ. दोरा तोंडात ओला करायचा आणि थुंकी लावून पीस चापून बसवायचं, ही सासूबाईंनी शिकवलेली रीत. माशी अशी गुळगुळीत झाली की मीच खूश झाले.

परातीतल्या पाण्यात टाकली. सरळ तळाला गेली.

"एकच गळ रह्या," खानसामा म्हणाला.

तेवढ्यात गोजरबाई धावत आली. "सगुणे, त्यान्ला न्यायला चावडीम्होरं छकडा जुंपून राह्यलेत! जल्दी कर!"

दुसरा गळ अंगठ्याला बांधला. सवयीनं दोरा तोंडात धरला, तो कोरडाच बाहेर आला. बोट चाटलं, तर जिभेवर थेंब नाही. पीस काही केल्या बसेना. रागावलेल्या कोंबडीसारखं चहूकडून फुलून उभं राहिलं. असलं घाणेरडं काम मी जन्मात केलं नव्हतं. सोडून परत बांधावं, तर वेळ कुठं होता? गाठ मारली आणि डोळे मिटून माशी परातीत टाकली.

"या अल्ला!" खानसामा ओरडला.

माशी पाण्यावर बसली होती. मी फुंकर मारली तशी सरकली, पण बुडाली नाही. ती घेऊन तो तंबूकडे पळत सुटला.

दिवे लागायच्या वेळी हे घरी आले. गाल सुजला होता. मी रडले, मग तांब्याभर पाणी घटाघटा प्याले, आणि तेव्हा उमगलं. पहिली माशी थुंकीनं भिजली होती. दुसरीच्या वेळी भीतीनं तोंडाला कोरड पडली होती.

सकाळी खानसामा पुन्हा हजर. हातात सहा गळ.

"साहेब खूश है. और छे होना. बराबर कलके जैसी."

"कालच्यावानी?" मी म्हणाले. "मंग आधी माझ्या नवऱ्याला चावडीत बसवा."