धाकटीचा ॲडॉप्टर

धाकटी सदुसष्ट वर्षांची झाली तरी धाकटीच राहिली होती. तिला त्या नावाने हाक मारणारं जगात एकच माणूस उरलं होतं, तिची ताई, आणि तीही चव्वेचाळीस वर्षांपूर्वी लग्न करून समुद्रापलीकडे गेलेली. बाकीच्यांना ती 'मीटरबाई' म्हणून ठाऊक होती. वीज कंपनीच्या मीटर तपासणीच्या खोलीत तिने एकतीस वर्षं काढली. मीटर खरं बोलतोय की थापा मारतोय, हे ती आधी नुसत्या नजरेने ताडायची आणि मग यंत्राने पक्कं करायची. लग्न करायचं नाही असं काही तिने ठरवलं नव्हतं, ते राहून गेलं. साठीनंतर कानही हळूहळू राहून गेले. दोन्ही कानांत यंत्रं आली. संध्याकाळी घरी आल्यावर ती यंत्रं काढून डबीत चार्जिंगला ठेवायची. दोन खोल्यांच्या त्या घरात ऐकण्यासारखं तसंही काही नव्हतं.

भाच्याचा फोन आला तेव्हा ती यंत्रं काढणारच होती.

"मावशी, आई इथला भाषा विसरली," तो म्हणाला. तिकडेच जन्मलेला, त्यामुळे त्याच्या बोलण्यात लिंगं आणि वचनं एकमेकांच्या घरात घुसायची. "फक्त आपला बोलते. मला अर्धा समजते. म्हाताऱ्यांच्या सेंटरमधल्या नर्सला काहीच नाही. आणि आई जेवत नाही. का नाही, कोणाला कळत नाही. तू येशील?"

ताई गेली चाळीस वर्षं तिला बोलावत होती. आधी रजा मिळत नव्हती, मग आईचं आजारपण आलं, मग गुडघे आडवे आले. दर वेळी 'पुढच्या वर्षी नक्की' म्हणून तिने वेळ मारून नेली होती. या वेळी मात्र तिच्या तोंडून निघून गेलं, "येते."

व्हिसा, तिकीट सगळं भाच्याने केलं. धाकटीने स्वतःकडे एकच खातं घेतलं, विजेचं. पलंगावर तिने विजेवर चालणारी प्रत्येक वस्तू ओळीने मांडली आणि भिंग घेऊन मागची बारीक अक्षरं वाचली. यंत्रांच्या डबीचा चार्जर शंभर ते दोनशे चाळीस व्होल्ट, म्हणजे कुठेही चालेल. मोबाइलचाही तसाच. ताईच्या गुडघ्यांसाठी घेतलेली शेकायची गादी मात्र फक्त दोनशे तीसची. एकशे दहावाल्या देशात ती कोमटही झाली नसती. दुकानदाराने विटेएवढा एक ॲडॉप्टर पुढे केला. "हा न्या बाई, दीडशे देशांत चालतो."

"मला दीडशे देशांत कुठे जायचंय? एकाच ठिकाणी जायचंय. तिथे व्होल्ट किती?"

दुकानदाराला ते माहीत नव्हतं. शिवाय ॲडॉप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्ट बदलत नाही, हेही त्याच्या गावी नव्हतं. धाकटीने त्याला उभ्याउभ्या ते समजावलं. घरी येऊन भाच्याला फोन केला, त्याच्या किटलीच्या बुडावर काय लिहिलंय ते वाचायला लावलं. दोनशे तीस. तिने समाधानाने बॅग भरली. आपल्यासारखी तयारी करून कुणी परदेशी गेलं नसेल, असंही तिला वाटून गेलं.

विमानतळावर भाचा घ्यायला आला. ताईचा फ्लॅट अजून होता, निम्मा रिकामा, पडदे काढलेले. ताई वर्षभरापासून दहा मिनिटांवरच्या सेंटरमध्ये राहत होती. भाच्याने किल्ली दिली, कागदावर रस्ता काढून दिला, फ्रिज दाखवला. त्याचं काम पाच तासांवरच्या शहरात, संध्याकाळी पाळी. दारात उभं राहून तो काहीतरी सांगत होता, तेवढ्यात तिच्या कानात यंत्रं तीनदा टुकटुक करून बंद पडली. प्रवासात चार्ज संपला होता. त्याचे ओठ हलताना दिसले, शेवटी दोन्ही हातांची मिळून सात बोटं दिसली. सात दिवसांनी, म्हणजे पुढच्या शनिवारी येतो, असं तिने धरलं आणि मान हलवली.

तो गेल्यावर तिने डबी काढली, ॲडॉप्टर काढला आणि भिंतीपाशी गेली.

तिथलं सॉकेट भिंतीबरोबर सपाट नव्हतं. ते आत बसवलेलं होतं, वाटीसारखं गोल आणि खोल, आणि दोन छिद्रं त्या वाटीच्या तळाशी. ॲडॉप्टरच्या पिना बरोबर होत्या, पण त्याचं चौकोनी धूड वाटीच्या काठावरच अडायचं. पिना आणि छिद्रं यांच्यात बोटभर अंतर राहायचं. तिने तो फिरवून पाहिला, उलटा करून पाहिला, स्वयंपाकघरात, न्हाणीघरात, पलंगामागे पाहिलं. सगळीकडे वाट्याच. मोबाइलचा चार्जर बारीक होता, तो आत गेला. डबीचा चार्जर जाडजूड, वायर डबीला कायमची जोडलेली. व्होल्ट, हर्ट्झ, अँपिअर सगळं तपासलं होतं. भिंतीतल्या भोकाची खोली कुणी विचारली नव्हती.

घरी लोक काय करतात ते तिला पाठ होतं. वायर कापायची, तारा सोलायच्या, भोकात खुपसून काडीने दाबायच्या. अशा किती जणांवर ती नोकरीत खेकसली होती. तिने ताईच्या ड्रॉवरमधली कात्री हातात घेतली, थोडा वेळ धरली आणि परत ठेवली.

खाली उतरली तर रस्त्यावरची दुकानं बंद होती. औषधाच्या दुकानाच्या काचेवर लावलेल्या कागदाचा तिने फोनने अर्थ काढला. शनिवारी दुपारपर्यंतच, मग सलग दोन दिवस सुट्टी, मंगळवारी उघडणार. दुष्काळात तेरावा महिना.

दुसऱ्या दिवशी ती तशीच सेंटरमध्ये गेली. ताई खिडकीपाशी खुर्चीत होती, फोटोतल्यापेक्षा निम्मी झालेली. धाकटीने तिचे हात हातात घेतले. ताई तिच्याकडे बघून हसली आणि बोलू लागली. बोलू लागली ती थांबेचना. कवळी कपाटावर, त्यामुळे ओठांवरूनही काही कळेना. महिनोन्महिने कोंडलेलं सगळं ती ओतत होती, आणि धाकटी समोर बसून "हो, हो ताई" म्हणत होती. बोलणारी होती तर ऐकणारी नव्हती.

उंच नर्स वही घेऊन आली. तिच्या चेहऱ्यावर केवढी आशा होती! महिनाभर तिने या बाईसाठी सगळे उपाय करून पाहिले होते. ताईच्या तोंडापुढे फोन धरून भाषांतरही करून पाहिलं होतं, तर फोनने 'गाडीत लोखंड उकळते' असं काहीतरी दाखवलं होतं. आता खुद्द बहीण आली होती. नर्सने फोनवर लिहून दाखवलं, 'त्या काय म्हणतात?'

खरं सांगायला काय हरकत होती? माझी यंत्रं बंद आहेत, परवा सांगते. पण इतका समुद्र ओलांडून कान म्हणून आलेली बाई बहिरीच निघाली, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? ताईचे हात गार लागत होते. धाकटीने लिहिलं, 'तिला थंडी वाजते.'

नर्सने खूश होऊन दोन ब्लँकेटं आणली. भिंतीवरच्या पाटीवर ते लिहूनही टाकलं. ताईने एक ब्लँकेट फेकलं, दुसरंही फेकलं, आणि धाकटीकडे अशा नजरेने पाहिलं की तिला खाली बघावं लागलं. जेवणाचं ताट आलं. ताईने ते नर्सकडे सरकवलं, मग शेजारच्या म्हाताऱ्याकडे, मग धाकटीकडे. काहीतरी विचारलं. पुन्हा विचारलं. मग तोंड फिरवून बसली. ताट तसंच गेलं.

सोमवारीही तेच झालं. धाकटी फ्लॅटवर परतली आणि रिकाम्या खोलीत कोट न काढताच बसून राहिली. खाली मुलं खेळत होती, त्यांची तोंडं उघडीमिटी होताना दिसत होती. एकतीस वर्षं खोटे मीटर पकडले, आणि आज आपणच खोटं रीडिंग लिहून आलो, हे तिच्या मनातून जाईना. घरीही ती यंत्रं काढून बसायचीच की. पण तिथली शांतता तिने स्वतःच्या हाताने केलेली असायची.

मंगळवारी हार्डवेअरचं दुकान उघडायच्या आधीच ती दारात उभी होती. दुकान नळ, खिळे, बल्ब असलं सगळं विकणारं. मालकीणबाई जाडजूड, कानामागे पेन्सिल खोचलेली. धाकटीने बोलायच्या भानगडीत न पडता कागदावर सॉकेट काढलं, वाटीची खोली बाणाने दाखवली, खाली २३० लिहिलं आणि चार्जरची मागची बाजू पुढे केली. मालकीणबाईने चष्मा लावून आकडे वाचले, विटेएवढा ॲडॉप्टर हातात घेऊन पाहिला आणि पोट हलेपर्यंत हसली. तिने खोक्यातून सुपारीच्या डबीएवढा एक गोल ॲडॉप्टर काढला. तो सरळ हातात दिला नाही. आधी गल्ल्यामागच्या सॉकेटात घातला, त्यावर धाकटीचा चार्जर लावला आणि डबीवरचा हिरवा दिवा लागेपर्यंत थांबली. मग एक स्टूल पुढे ओढलं.

धाकटी त्या स्टुलावर तीन तास बसली. लोक आले, गेले. साडेअकराला तिने यंत्रं कानात घातली. पहिला आवाज आला तो बरणीत खिळे ओतल्याचा.

सेंटरमध्ये ती पोचली तेव्हा जेवणं लागत होती. नर्सने ताट ठेवलं. ताईने ते तिच्याकडे सरकवलं आणि म्हणाली, "तुम्ही जेवलात का?"

नर्स हसून मान हलवत उभी राहिली. ताईने शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं, "अहो, तुमचं झालं का?" मग धाकटीकडे वळली. "आणि तुम्ही? ही पोरगी कधीची उभी आहे. हिला कुणी बस म्हणत नाही. सगळे ताटकळत असताना मी एकटीने कशी खायची? घास उतरेल का?"

बस, एवढंच होतं. ताई उपाशी राहत होती ती या सगळ्यांना जेवायला बसवण्यासाठी. धाकटीने फोनवर लिहिलं, आधी जेवणाचं, आणि मग हेही, 'परवा मला ऐकू येत नव्हतं. थंडीचं मी मनाने सांगितलं. चुकलं.' नर्सने ते दोनदा वाचलं. पाटीपाशी जाऊन थंडीची ओळ पुसली. मग आत जाऊन तिने एक वाटी सूप आणलं आणि ताईसमोर खुर्ची ओढून बसली. धाकटीनेही एक ताट मागून घेतलं. ताईने त्या दोघींकडे आणि जेवत असलेल्या म्हाताऱ्याकडे पाहून घेतलं. "हं, आता कसं," म्हणाली आणि चमचा उचलला.

अर्धं ताट संपल्यावर तिने धाकटीला विचारलं, "तुमच्या घरी कोण कोण?"

धाकटीचा घास हातातच राहिला. "एक बहीण आहे."

"भेटता का?"

"लांब असते."

"माझीही एक आहे, धाकटी." ताईने बटाट्याचा तुकडा चमच्याने दाबला. "विजेच्या ऑफिसात आहे. फार हुशार. किती वेळा बोलावलं, येते येते म्हणते. तिची खोली तयार करून ठेवलीय मी. तुम्हाला कुठे दिसली तर सांगा हो तिला."

"सांगते," धाकटी म्हणाली.

मीच ती, असं तिने त्या तीन आठवड्यांत चारपाचदा सांगून पाहिलं. ताई ऐकून घ्यायची, हसायची, "तुम्ही गमतीशीर आहात हं" म्हणायची. एकदा मात्र चिडली, "तिची नक्कल करू नका," म्हणाली. त्यानंतर धाकटीने तो नाद सोडला. रोज अकराला जायची, ताईबरोबर जेवायची, गुडघे शेकून द्यायची, ताईच्या तोंडून स्वतःच्या लहानपणच्या खोड्या परक्या बाईसारख्या ऐकायची आणि "अगबाई, खरंच?" म्हणायची. नर्ससाठी तिने ताईची नेहमीची तेवीस वाक्यं फोनच्या मदतीने त्यांच्या लिपीत, अर्थासकट लिहून काढली. ताईचं वजन पावणेदोन किलोने वाढलं. संध्याकाळी फ्लॅटवर परतली की मात्र दिवसभर आवरलेलं रडू यायचं. ऐकणारं कुणी नव्हतं, म्हणून ती मोठ्यानेच रडायची.

निघायच्या दिवशी भाचा विमानतळावर सोडायला आला. गाडीत म्हणाला, "मावशी, आईने तुला ओळखली? एकदा तरी?"

हो म्हटलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. "नाही रे," ती म्हणाली. "एकदाही नाही. पण रोज निघताना विचारायची, उद्या येणार ना?"

"मी जातो तर मला काय बोलू कळत नाही. म्हणून मी कमी जातो."

"बोलू नकोस. ताट घेऊन समोर बस. तिच्या आधी घास घेऊ नकोस आणि तिच्या नंतर संपव. बाकी ती बोलेल."

"ती मला पण ओळखत नाही."

"मग पाहुणा म्हणून जा. पाहुण्यांशी ती फार चांगली वागते."

भाचा हसला आणि मग हसता हसता त्याचा चेहरा वाकडा झाला. तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला, जसा तो लहान असताना फिरवायला हवा होता. रांगेच्या दोरीपर्यंत तो बॅग घेऊन आला. पुढे त्याला सोडत नव्हते. ती आत गेली, पट्ट्यावर बॅग ठेवली, वळून पाहिलं. तो अजून तिथेच उभा होता आणि ओठांनी काहीतरी पाठ करत होता, बहुधा ताटाचं आणि घासाचं.