पुलापलीकडे अडकणारी रेस

इलियम स्किलिकॉर्नच्या मोटरसायकलला तहान लागली की ती पेट्रोल पिते आणि राग आला की माणसं, असं बेटावरच्या लॅक्सी गावात म्हणत. हे काही खरं नाही. माणूस तिनं एकही प्यायला नव्हता. एका पाद्रीबुवांची टोपी मागच्या चाकात गिळली होती, तेवढीच. आणि तीसुद्धा पुढच्या वळणावर जशीच्या तशी बाहेर टाकली. बुवांनी ती पुढे कित्येक वर्षं वापरली. फक्त पाऊस पडला की टोपीतून ऑइलचा वास यायचा आणि प्रवचन आपोआप लवकर आटपायचं.

तर ही गाडी इलियमच्या सासऱ्याची. इलियमपेक्षा वयानं मोठी, आवाजानं तर फारच मोठी. लग्नात बायको वॉरी हिच्याबरोबर ती घरी आली. दोघींनी मिळून इलियमला आयुष्यभर सांभाळलं असं म्हटलं तरी चालेल.

त्या शनिवारी सकाळी मात्र इलियम शेडच्या फरशीवर बसला होता. पुढ्यात गाडीचा कार्बोरेटर सुटा करून पसरलेला, आणि हातात पाना. वॉरी त्या दिवशीच्या बोटीनं बेट सोडून जाणार होती. पलीकडे, लिव्हरपूलला. कायमची.

आणि सगळं कशापायी? तर रेस अडकते म्हणून.

म्हणजे असं. रेसची मूठ पिळली की इंजिनाचा जोर वाढतो आणि मूठ सोडली की ती आपसूक मागे येऊन जोर उतरतो, ही मोटरसायकलची रीत. इलियमची मूठ सोडली तरी मागे येईना. वसंत ऋतूत एका रविवारी तो आणि वॉरी कॅसलटाउनला, तिची बहीण ब्रीशा हिच्याकडे जेवायला निघाले होते. वाटेतला परीपूल ओलांडला, आणि गाडी जी उधळली ती बॅलसॅला गावातल्या चर्चच्या चहापानातून आरपार गेली. केकच्या टेबलाच्या एका बाजूनं शिरली, दुसऱ्या बाजूनं निघाली, आणि वॉरीला पिवळ्या फुलांच्या काटेरी झुडपांच्या कुंपणात ठेवून पुढे मेंढ्यांच्या एका कळपात जाऊन थांबली. वॉरी कुंपणातून बाहेर आली ती हॅटशिवाय. तशीच चालत ब्रीशाकडे गेली. तिथून निरोप आला: "माझ्या बापाची गाडी नीट कर. ती माझ्या दारात सभ्य माणसासारखी आणून उभी केलीस, तर तिच्यावर मागे बसून घरी येईन. नाहीतर नाही."

तेव्हापासून इलियम ती गाडी नीट करत होता.

केबल बदलली. नवी केबल ऑइलमध्ये रात्रभर भिजत घातली. केबलची वाट बदलली, हँडल वळवलं तरी ती कुठे ओढली जाऊ नये म्हणून. कार्बोरेटरातला वरखाली सरकणारा तुकडा काचेसारखा घासला. नट फार आवळले तर कार्बोरेटरचं अंग वाकतं आणि तो तुकडा धरतो, म्हणून नट सैल केले. मूठ उघडली, तिच्याखालचा छोटा स्क्रू काढला, आतलं सगळं पुसलं, परत बसवलं. शेडमध्ये मूठ अशी सळसळत मागे यायची की बघतच राहावं. लॅक्सीच्या मोठ्या पाणचक्कीपर्यंत चढ, उतार, सगळं झकास. डग्लस शहरापर्यंत झकास. आणि परीपूल ओलांडला की अडकली! एकदा गाईच्या गोठ्यात, एकदा कुणाच्या वाळत घातलेल्या चादरींत, एकदा तर थेट एका वरातीत, नवऱ्यामुलाच्या पुढे.

"तुला एक सांगू का म्हाताऱ्या?" शेडच्या दारात जुआन फॅरगर उभा होता. शेजारी, जन्माचा मित्र, आणि बेटावरचा सगळ्यात मोठा निरुपयोगी सल्लागार. "टाकीत उंदीर—"

इलियम पाना टाकून ताडकन उठला. "लांबशेपट्या म्हण! लांबशेपट्या! मला आधीच संकटं कमी आहेत?"

जुआननं चटकन दाराच्या लाकडाला हात लावला आणि चार दिशांना शीळ घातली. बेटावर त्या प्राण्याचं खरं नाव कुणी घेत नाही. "चुकलो. पण टाकीत नसेल काही, तर मग उरलं काय? परवा मी स्वतः गाडी घेऊन गेलो ना! पूल ओलांडला, कॅसलटाउनला पोचलो, बिअर प्यायलो, परत आलो. लोण्यासारखी चालली."

"तेच तर!" इलियम मटकन खाली बसला. "तुझ्या हाताखाली चालते. माझ्याच हाताखाली अडकते. जुआन, ती मंडळी माझ्यावर रुसलीयत."

ती मंडळी म्हणजे पुलाखालची. छोटी माणसं, परीलोकातली. त्यांना सलाम केल्याशिवाय पूल ओलांडणारा माणूस बेटावर एकतर परका असतो किंवा दवाखान्यात. बसमधले प्रवासीसुद्धा पूल आला की वर्तमानपत्रातून तोंड काढून नमस्कार करतात.

"सलाम करतोस ना पण?"

"करतोस ना म्हणजे? सासऱ्यानं शिकवलाय तसा. उजवा हात टोपीला, मान खाली, पूल संपेपर्यंत. तू काय करतोस?"

"मी? नुसता ओरडतो. काय मंडळी, बरं आहे ना! म्हणून."

"आणि तुझ्यावर खूश! आणि मी..." इलियमच्या घरात दोन खुर्च्या होत्या. त्यातल्या रिकाम्या खुर्चीवर तो हल्ली कार्बोरेटर ठेवायचा, निदान समोर काहीतरी असावं म्हणून. जेवणात रोज उकडलेले बटाटे आणि खारवलेली हेरिंग मासळी, कारण तेवढंच येत होतं. आणि आता ब्रीशा लिव्हरपूलला मुलाकडे राहायला निघाली होती आणि वॉरीलाही नेत होती. दुपारच्या आगगाडीनं डग्लस, तिथून बोट. एकदा ती पाण्यापलीकडे गेली की गाडीवर बसवून आणायची कशी? मोटरसायकल काही पोहत नाही.

"बसनं जा ना," जुआन म्हणाला.

"बसवर मागे बसून ती घरी येईल? तिनं काय सांगितलंय?"

जुआन खांदे उडवून आपल्या घरी गेला.

मग घाबरलेला माणूस जे करतो ते इलियमनं केलं. कार्बोरेटर परत जोडला, इंजिन बंद करायच्या बटणाची तार उपटली आणि त्याच तारेनं एक जादा स्प्रिंग कार्बोरेटरला बांधली, रेस मागे ओढून धरायला. टाकीखालची पेट्रोलची चावी गंजून कधीचीच उघडी बसली होती, तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. पिशवीत बॉनॅग पावाची अख्खी वडी घेतली, वर सायीची बाटली, आणि निघाला.

पुलाच्या अलीकडे गाडी उभी करून त्यानं कठड्याशी पाव ठेवला. साय ओतली. "मंडळी," तो म्हणाला, "काय चुकलं ते सांगा. बापजाद्यांपासून आम्ही तुम्हाला मान देतो. एकदा, फक्त एकदा मला कॅसलटाउनला नीट पोचू द्या. मग मला ओढ्यात टाकलंत तरी माझी तक्रार नाही." पुलाखालून पाण्याचा आवाज आला. तो हसल्यासारखा होता की नेहमीसारखा, हे त्याला कळेना. डोळे पुसून तो गाडीवर बसला, जोर धरला, आणि जन्मात केला नव्हता इतका लांब, इतका अदबशीर सलाम करत त्यानं पूल ओलांडला.

मूठ सोडली. मूठ मागे आली नाही.

आजवर अडकली नव्हती इतकी घट्ट अडकली. जादा स्प्रिंग टण्णकन तुटून एका बैलाच्या शिंगात जाऊन बसली. तो बैल मरेपर्यंत हलला की वाजायचा. इलियमनं ब्रेक दाबला. त्या गाडीचे ब्रेक म्हणजे नुसती विनंती. क्लच दाबला तर इंजिन असं किंचाळलं की सासऱ्याच्या गाडीची हाडं आता रस्त्यावर विखुरणार असं वाटून त्यानं घाबरून तो सोडला. बटण दाबलं. बटणाची तार तो स्वतःच उपटून बसला होता. बॅलसॅलात चर्चच्या बायकांनी आवाज ओळखला आणि केकची ताटं डोक्यावर धरून भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. इलियम मधून गेला. "माफ करा!" असं तो ओरडला. ते "माफ" बॅलसॅलात ऐकू आलं आणि "करा" थेट कॅसलटाउनात.

कॅसलटाउनच्या चौकात किल्ल्याच्या भिंतीवर एकाच काट्याचं घड्याळ आहे आणि मधोमध एक दगडी खांब, ज्याच्यावर पुतळा बसवायचाच राहून गेला. ब्रीशाचं घर त्या खांबासमोर. दारात दोन ट्रंका, ट्रंकांशेजारी ब्रीशा, आणि पायरीवर प्रवासाचा कोट घातलेली वॉरी.

इलियमला थांबता येईना. तो खांबाला फेऱ्या घालू लागला.

"वॉरी!" पहिल्या फेरीला तो ओरडला. दुसऱ्या फेरीला, "जाऊ नकोस!" वाक्य पूर्ण करायला त्याला दरवेळी खांबामागून फिरून यावं लागत होतं.

"सभ्य माणसासारखी आणून उभी करणार होतास ना रे?" ब्रीशा ओरडली. "ही उभी आहे का?"

"ब्रीशा, तू जरा—" खांबामागे गेला, "—गप्प बस!"

"वॉरी, चल. आगगाडी चुकेल. हा पेट्रोल संपेपर्यंत फिरेल आणि मग खांबावर चढून पुतळा होईल. जागा रिकामीच आहे."

वॉरी हलली नाही. तिची नजर त्याच्यावर होती. दरवेळी समोरून जाताना इलियमचा चेहरा आणखी पांढरा दिसत होता. रडवेला झाला होता तो. "वॉरी, मी सगळं केलं," तो म्हणाला आणि गेला. परत आला. "केबल बदलली. स्प्रिंग बदलली." गेला. परत आला. "मला नाही जमत. मला तुझ्याशिवाय काहीच..." आणि पुढचं खांबामागेच राहिलं.

वॉरी पायरी उतरली. पुढच्या फेरीला तो अगदी शेजारून जाईल अशी रस्त्याच्या कडेला उभी राहिली, आणि काय मनात आलं कोण जाणे, रागानं असेल, मायेनं असेल, तिनं जाता जाता त्याच्या पाठीत सणसणीत थाप घातली.

आणि इलियमचा डावा हात, इलियमला न विचारता, हँडलावरून उजव्या बाजूला गेला, मुठीखालचा छोटा स्क्रू अर्धा फेरा सैल केला आणि आपल्या जागी परत येऊन बसला.

मूठ सळसळत मागे आली. गाडी खोकली, मंद झाली, आणि ब्रीशाच्या दारात सभ्य माणसासारखी उभी राहिली.

"हे काय केलंस आत्ता?" वॉरी म्हणाली.

"काय केलं?"

"त्या हातानं."

इलियम आपल्या डाव्या हाताकडे बघत राहिला. सासऱ्याची शिकवण होती: सलामाला उजवा हात लागतो, आणि तो मुठीवरून काढला की गाडी मरते, म्हणून पुलाआधी डाव्या हातानं स्क्रू आवळायचा, मूठ जागच्या जागी धरून राहते. पूल संपला की वॉरी मागून थाप मारायची, मंडळींनी सलाम घेतला म्हणून, आणि थाप बसली की हात स्क्रू सैल करायचा. इतकी वर्षं हे चाललं होतं की दोघांपैकी कुणालाच ते ठाऊक उरलं नव्हतं. आणि वसंतात, पाठ दुखत होती म्हणून, तो तिला म्हणाला होता, "बाई, मला काय सतरंजी समजून झोडपतेस?" वॉरी म्हणाली होती, "बरं. पुन्हा हात लावणार नाही." आणि लावला नव्हता.

दारातल्या दोन ट्रंकांपैकी ब्रीशाची एकच लिव्हरपूलला गेली.

परतीच्या वाटेवर वॉरी मागे बसली होती. परीपूल आला. इलियमच्या डाव्या हातानं स्क्रू आवळला, उजवा टोपीला गेला. "मंडळी, आभारी आहे," तो म्हणाला. पूल संपला. गाडी तश्शीच पळत राहिली. पुढे डग्लसचा उतार.

इलियमनं डाव्या हाताला हुकूम दिला. हात बैलासारखा जागच्या जागी बसून राहिला.

"वॉरी."

"काय?"

"थाप."

"काय म्हणतोस? वाऱ्यात ऐकू येत नाही."

"थाप मार ना! उतार आला!"

"सतरंजी झोडपल्यासारखं वाटतं ना रे पण तुला?"

"वॉरी, समोर बस आहे! चुकलं माझं! मी गाढव आहे!"

"मोठ्यानं. मंडळींनासुद्धा ऐकू जाऊ दे."

तो ओरडला, आणि बसमधल्या सगळ्या माणसांनी ते ऐकलं. मग थाप बसली. जरुरीपेक्षा बरीच जोरात. पुढचे कित्येक दिवस इलियमला उताणं झोपता आलं नाही, आणि त्याबद्दल त्यानं कुणापाशी एक अक्षर काढलं नाही.