सात वर्षांवरील सर्वांसाठी

तो लाल ठिपका, शितापेक्षाही लहान, पडद्यावरच्या पाणी भरणाऱ्या बाईच्या डोक्यावर सकाळपासून लुकलुकतो आहे आणि काही केल्या नजर त्यावरून हलत नाही... ठिपका म्हणजे नाराजी. खेळ गाव वसवण्याचा : घरं बांधायची, माणसांना कामाला लावायचं, धान्य पुरवून वापरायचं, आणि एखादा फार दिवस नाराज राहिला की तो बोचकं उचलून गाव सोडतो. असा खेळ मुलाबाळांच्या घरात द्यावा की नाही, एवढं ठरवणं ही पडद्यासमोर बसलेल्या तिची नोकरी. रक्त? नाही. शिव्या? नाही. जुगार? तोही नाही. ‘सात वर्षांवरील सर्वांसाठी’ — एरवी हा शेरा तिनं डोळे मिटून मारला असता.

संध्याकाळपर्यंत आणखी एक उत्तर द्यायचं आहे. मुख्य कार्यालयातली जागा, दुसरं शहर, दोन वर्षं. हो की नाही.

“ही अजून गेली कशी नाही गं?” तिनं शेजारी बसून खेळणाऱ्या लेकीला विचारलं. लेक नऊ वर्षांची. खेळ मुलांकडून खेळवून बघावाच लागतो आणि घरचं गिऱ्हाईक फुकटात मिळतं.

“कशी जाईल? गावाबाहेर जायचा रस्ताच काढून टाकलाय मी. विहिरीपर्यंतचा ठेवलाय.”

“चिडत नाही ती?”

“चिडते ना. पण पाणी भरते.”

“कुणी शिकवलं तुला हे?”

“बाबांनी.”

स्वयंपाकघरात नवरा मटार सोलत गुणगुणत होता. भला माणूस — सगळेच म्हणतात, आणि ते खरं आहे हीच तर पंचाईत. भांडायला जागाच ठेवत नाही. मागच्या वेळी अशीच जागा चालून आली तेव्हा म्हणाला होता, जा की, मी कुठे अडवतोय... आणि त्याच आठवड्यात आपल्या आईला कायमची राहायला घेऊन आला. त्याआधीच्या वेळी लेकीची शाळा बदलली. ‘नाही’ असं एकदाही नाही. आणि मी? मी मूग गिळून गप्प बसले, ऑफिसला वेळेवर गेले, वेळेवर आले, सगळ्याचं खापर मनातल्या मनात त्याच्या माथी फोडत राहिले. हसून हसून माझा रस्ता उचलला यानं, आणि आता पोरीलाही तीच विद्या शिकवतोय! संताप उसळला. शेऱ्याचं जाऊ दे. आधी ‘हो’ कळवायचं, आत्ता, याच्या नाकावर टिच्चून —

“आई, रस्ता परत घालू का? जाऊ दे बिचारीला.”

“नको!”

स्वयंपाकघरातलं गुणगुणणं थांबलं. लेक दचकून बघत राहिली. तिला स्वतःलाही क्षणभर कळेना, ओरडलं कोण.

“का पण?”

पाणी कोण भरेल, असं काहीतरी ती म्हणणार होती. पण तेवढ्यात तिच्या मनासमोर उभं राहिलं : रस्ता घातलाय, थेट गावाबाहेर जाणारा, कुणी अडवत नाही... आणि बाई दारातच उभी आहे. लेकीचं बोट अजून न दाबलेल्या बटणावर तसंच होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिला नवऱ्याचा राग येईना. नुसती भीती वाटत होती.