काट्यावरच्या उड्या

कागदाच्या गिरणीच्या फाटकाशी जो वजनकाटा आहे, त्याला वीस किलोच्या खालचं काही कळत नाही. त्याच्यावर चढतात त्या रद्दीने भरलेल्या गाड्या. शून्यानंतर वीस, वीसनंतर चाळीस, असाच त्याचा आकडा सरकतो. मधल्या किलोंची त्याला पर्वा नाही. बावीस वर्षं या काट्याच्या केबिनमध्ये बसून काटेवाल्या काकूंचंही तेच झालं होतं. अमकीने दीड किलो उतरवलं, तमकीचं सातशे ग्रॅम वाढलं, असं कोणी डोळे मोठे करून सांगू लागलं की काकूंना हसू आवरायचं नाही. सातशे ग्रॅम! ओल्या रद्दीच्या एका गठ्ठ्यातून त्याहून जास्त पाणी नुसतं गळून जातं.

तरी वजनाच्या बाबतीत काकू कोणाच्या बापाला ऐकायच्या नाहीत. रद्दीवर पाणी मारून आणणारे, भरलेली गाडी मोजताना क्लीनरला ड्रायव्हरच्या सीटमागे झोपवणारे आणि रिकामी मोजताना त्याला हळूच खाली उतरवणारे, सगळे त्यांच्या हातून गेले होते. "उतरा खाली, दोघंही उतरा, आणि ती पाण्याची कॅनसुद्धा उतरवा," हे त्यांचं रोजचं पालुपद. बावीस वर्षांत त्यांच्या हातची एकही वजनपावती खोटी निघाली नव्हती. याचा त्यांना गर्व होता, आणि तो त्या लपवतही नसत.

लपवायच्या त्या एकच गोष्ट. सकाळी पहिली गाडी येण्याच्या आधी अर्धा तास काकू त्या काट्यावर दोरीच्या उड्या मारायच्या.

त्याचं असं झालं की चार वर्षांपूर्वी एका गठ्ठ्याची सुटलेली दोरी त्यांनी सहज उचलली, दोन्ही टोकं हाताला गुंडाळली आणि एक उडी मारली. काट्याची ती लांबलचक लोखंडी प्लेट खालून पोकळ. धडंग! असा आवाज झाला आणि प्लेटने तळपायांना किंचित वर ढकललं. काकूंचं वय तेव्हा एकोणपन्नास, वजन भरपूर. आजवर कोणत्याही जमिनीने त्यांना असं आपण होऊन उचललं नव्हतं. त्यांनी दुसरी उडी मारली, मग तिसरी, आणि पुढे चार वर्षं थांबल्याच नाहीत. उलट्या दोरीच्या उड्या, हातांची फुली करून उड्या, एका उडीत दोरी पायाखालून दोनदा काढायची ती उडीसुद्धा त्यांना जमू लागली. एखाद्या सकाळी असा सूर लागायचा की दोरी आहे हेच विसरायला व्हायचं, नुसता खालचा नाद आणि छातीतला भाता. मोजत त्या कधीच नव्हत्या. मोजायचं काम दिवसभर होतंच की. केबिनवरच्या वजन दाखवणाऱ्या पाटीवर मात्र लाल आकडे वेड्यासारखे नाचायचे, शून्य, दोनशे, शून्य, एकशेऐंशी. ते बघायला तिथे कोणी नसायचं, आणि तेच काकूंना हवं होतं.

पण सुखाने कोणाचं काय घोडं मारलेलं असतं कोणास ठाऊक, लोकांना ते बघवत नाही. गिरणीने कामगारांच्या तब्येतीसाठी एक नव्या मॅडम नेमल्या. या मॅडमच्या मनगटावर एक पट्टा होता, तो त्यांना किती पावलं चाललात, किती झोपलात हे सांगायचा. बाईंना स्वतःला झोप लागली की नाही हे सकाळी पट्ट्याला विचारावं लागायचं. एक दिवस त्या लवकर आल्या आणि त्यांनी काकूंना बघितलं.

"अय्या काकू! तुम्ही वेट लॉस करताय? कोणाला बोलला नाहीत!"

तासाभरात मोठ्या साहेबांच्या खोलीत काकू उभ्या. मोठे साहेब टेबलावरची काच बोटाने पुसत म्हणाले, "काट्यावर उड्या? काटा बिघडला म्हणजे? आणि कशासाठी?"

चाळीस टन घेऊन ब्रेक मारणाऱ्या गाड्यांनी न बिघडलेला काटा काकूंच्या उड्यांनी बिघडणार होता! काकू तोंड उघडणार, तेवढ्यात मॅडमच बोलून मोकळ्या झाल्या. "वजन कमी करण्यासाठी, सर. आपल्या मोहिमेची पहिली केस म्हणून घेऊ. नव्वद दिवसांत रिझल्ट दाखवते."

"असं आहे का, काकू?" साहेबांनी विचारलं.

इथे काकू चुकल्या. काटा हातचा जाईल या भीतीने त्या "हो" म्हणाल्या. बावीस वर्षांतली ती त्यांची पहिली खोटी पावती. साहेबांनी नव्वद दिवसांची लेखी परवानगी दिली आणि मॅडमनी आपला काचेचा छोटा काटा आणून काकूंना त्यावर उभं केलं. शहाऐंशी किलो. मॅडमनी असं काही हळहळून लिहून घेतलं की जणू काकूंच्या घरी कोणी गेलं होतं.

तिथून त्या उड्यांची जी रया गेली, ती गेलीच. केबिनच्या भिंतीवर तक्ता लागला. त्यात रोजच्या उड्या, रोजचं वजन, आणि एक रकाना "आज काय टाळलं?" असा. मॅडम सकाळी हातात घड्याळ घेऊन समोर उभ्या. "शंभर उड्या म्हणजे साधारण एक बिस्कीट जळतं, काकू!" काकू कष्टाने, घामाने, सुरात उड्या मारत होत्या आणि ही बया त्याची बिस्किटं करत होती.

घरी तर आनंदच. नवऱ्याला बातमी लागल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "मग? उतरलं का काही?" नणंदबाई गेल्या वर्षापासून इथेच राहायला होत्या. त्यांना आयतंच कोलीत मिळालं. जेवताना त्या काकूंच्या ताटावरून नजर हलवेनात.

"वहिनी, दुसऱ्यांदा घेतलंत?"

"वन्सं, तुम्ही माझे घास मोजताय की तुमचे?"

"तुमच्या भल्यासाठीच बोलते हो. एवढ्या उड्या मारून अंगाला काही फरक नाही, म्हणजे वायाच की सगळं."

वाया! चार वर्षं ज्या अर्ध्या तासासाठी काकू गजराआधी उठत होत्या, तो अर्धा तास वाया. आणि हे कोण म्हणतंय, तर जी बाई वर्षभर कडू काढे पिऊन, नाक मुरडत, एक घास कमी खाऊन जगतेय, आणि एका दिवसासाठीही खूश दिसलेली नाही.

पण बोलणं अंगाला लागतंच. सत्तराव्या दिवशीची गोष्ट. काकू उड्या मारत होत्या, मॅडम अजून आल्या नव्हत्या. अचानक काकूंच्या लक्षात आलं की आपण मान वर करून पाटीकडे बघतोय. त्या नाचऱ्या लाल आकड्यांत आपलं वजन शोधतोय, वीस किलोच्या पायऱ्या मोजणाऱ्या काट्यावर एका किलोसाठी आशाळभूतासारखं बघतोय. दोरी पायात अडकली. चार वर्षांत पहिल्यांदा. काकू तिथेच प्लेटवर बसल्या आणि त्यांना रडू आलं. राग मॅडमचा नव्हता, नणंदेचाही नव्हता. आपण "हो" म्हणालो त्याचा होता.

नव्वदावा दिवस उजाडला. काचेच्या काट्यावर काकू उभ्या राहिल्या. सत्त्याऐंशी.

मॅडमचा चेहरा पडला. त्यांनी काकूंना खाली उतरवलं, परत चढवलं, काटा दुसऱ्या फरशीवर ठेवला, काकूंच्या बांगड्या काढून घेतल्या. सत्त्याऐंशी ते सत्त्याऐंशीच. मग त्यांनी केबिनचं दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"काकू, मी एकोणऐंशी लिहिते."

"म्हणजे?"

"अहो, कोण मोजायला येणार आहे? वरच्या ऑफिसला रिझल्ट हवा. तुमचा फोटो लागेल कॅन्टीनमध्ये. आणि परवानगी कायमची मिळेल, सर मला म्हणालेत तसं. नाहीतर उद्यापासून बंद. तुम्हाला उड्या मारायच्यात ना? मग झालं तर!"

खिडकीतून काकूंना ती प्लेट दिसत होती, उन्हात तापायला लागलेली. एक आकडा, आणि ती जन्मभरासाठी त्यांची. मोह झाला नाही असं नाही. पण त्याचबरोबर त्यांना हेही दिसलं की रोज सकाळी त्या प्लेटवर चढताना आधी तो एकोणऐंशीचा फोटो चढणार आणि मागून आपण.

"बाई," काकू म्हणाल्या, "क्लीनरला लपवून गाडी मोजणारे रोज भेटतात मला. पण आठ किलो बाई लपवणारी तुम्हीच पहिली. सत्त्याऐंशी लिहा."

मॅडम लाल झाल्या. त्यांनी सत्त्याऐंशी लिहिलं, आणि रागाच्या भरात अहवालाच्या खाली असंही लिहिलं, की नव्वद दिवसांच्या निरीक्षणानंतर सदर उड्यांचा वजन कमी होण्याशी काहीही संबंध आढळून आला नाही. साहेबांनी न वाचता सही ठोकली. दुपारी त्याची प्रत काकूंना मिळाली आणि संध्याकाळी काट्याच्या खांबावर नोटीस लागली, तीही साहेबांच्याच सहीची.

दुसऱ्या दिवशी काकूंनी दोरी टेबलाच्या खणातच ठेवली. बाहेर मातीत चार उड्या मारून पाहिल्या. माती नुसती धप्प म्हणायची आणि धूळ द्यायची. पहिल्या गाडीचा म्हातारा ड्रायव्हर काच खाली करून म्हणाला, "काकू, आज आवाज नाही तुमचा? मी फाटकाबाहेर त्याच आवाजाने उठतो."

"बंद झालं ते," काकू म्हणाल्या. "उतरा खाली. कॅनसुद्धा उतरवा."

आठवडा असाच कोरडा गेला. आठव्या दिवशी गाडी यायला उशीर होता म्हणून काकू खांबापाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी ती नोटीस पहिल्यांदा नीट वाचली. वजनपावती वाचायच्या सवयीने, एकेक शब्दावर बोट ठेवून. "वजन कमी करण्याच्या हेतूने काट्यावर उड्या मारण्यास सक्त मनाई करण्यात येत आहे."

काकूंनी ती पुन्हा वाचली. मग केबिनमध्ये जाऊन खणातून अहवालाची प्रत काढली, ती नोटिशीच्या शेजारी चिकटवली, आणि येताना दोरी घेऊन आल्या.

धडंग. धडंग. धडंग.

साहेब पंधरा मिनिटांत आले, मॅडम त्यांच्या मागे धापा टाकत. पट्टा तेवढ्यात दोनदा वाजला.

"काकू! नोटीस वाचता येत नाही?"

"येते की," काकू उडी न थांबवता म्हणाल्या. "शेजारचा कागदही वाचा. सही तुमचीच आहे."

साहेबांनी एक कागद वाचला. मग दुसरा वाचला. मग परत पहिला. त्यांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी मनगटाकडे पाहिलं.

"मग वजनासाठी नाही, तर तुम्ही उड्या मारता कशासाठी?" साहेब वैतागून ओरडले.

"मजा येते म्हणून."

हे एवढं साधं वाक्य तीन महिन्यांपूर्वी त्यांच्या खोलीत म्हणायला हवं होतं. म्हटल्यावर काकूंना इतकं हलकं वाटलं की त्यांनी त्याच उडीत दोरी दोनदा काढली. साहेबांनी खिशातलं पेन काढलं. नवी नोटीस काढायची तर त्यात मजा करण्यास मनाई असं लिहावं लागणार होतं, आणि खाली सही करावी लागणार होती. त्यांनी पेन परत खिशात ठेवलं.

"पहिली गाडी येईपर्यंतच," ते म्हणाले, जणू काही तेच काहीतरी देत होते.

"तक्त्यात कुठे घालू हे, सर?" मॅडमनी विचारलं.

"कुठेही घालू नका!" साहेब म्हणाले, आणि दोघं गेले.

काकूंनी त्या सकाळी गाडीचा हॉर्न वाजेपर्यंत उड्या मारल्या. मागे पाटीवर आकडे नाचत होते, आणि ते वाचायला कोणीही नव्हतं.