पोट मऊ

“तोंडाने विचार गं, पण ऐक हाताने,” आई म्हणायची. ती सुईण होती. बाईच्या पोटावर तळवा ठेवायची नि डोळे मिटून घ्यायची, जणू भिंतीपलीकडे कुणी गातंय आणि हिला शब्द ओळखायचेत. मी शेजारी उभी राहून कंटाळायचे.

आता मी अपघात विभागात डॉक्टर आहे, कंटाळायला सवड नाही. एका पेशंटला मला सात मिनिटं लागतात, इतरांना बारा. म्हणून सगळे मला ‘एक्स्प्रेस’ म्हणतात. युक्ती साधी आहे. पडदा सारण्याआधीच निम्मा कागद लिहून टाकायचा: शुद्धीवर आहे, छाती साफ, पोट मऊ. आत गेल्यावर लिहिलेलं खरं आहे ना, एवढंच बघायचं.

त्या सकाळी बाहेरच्या बाकांवर एकोणतीस माणसं होती. आत चार नंबरच्या खाटेवर एक बसड्रायव्हर, पोट धरून. “जळजळतंय,” एवढंच म्हणाला. मी इंजेक्शन सांगितलं आणि पुढच्या पडद्याकडे वळले. वेळ लिहिली, साडेदहा.

सव्वाअकराला मोठ्या सिस्टर आल्या. “एक्स्प्रेसबाई, गाडी जरा मागे घ्या. तुमचा चार नंबर घामाने निथळतोय.”

मी पोटावर हात ठेवला. पहिल्यांदाच. हाताखाली फळी लागली. आत काहीतरी फुटलं होतं. काही विचारावं तर तो नुसता कण्हत होता. पायाशी त्याची बहीण, त्याच्या चपला पोटाशी धरून.

सर्जन आले. पोट दाबून पाहिलं, मग कागद वाचला. “साडेदहाला मऊ होतं. म्हणजे आत्ताच फुटलंय, थोडा वेळ आहे हातात. ऑपरेशनचं टेबल एकच रिकामं आहे. तो हात चिरडलेला कामगार आधी घेतो, नाहीतर त्याची बोटं जातील. हा तासाभराने.”

“तास काढेल हा?” सिस्टरनी विचारलं. बघत मात्र माझ्याकडे होत्या.

“कागद खरा असेल तर काढेल.”

बहिणीने माझी बाही धरली. “बाई, तुम्ही लगेच बघितलंत म्हणून बरं झालं. आमचा दादा जीव गेला तरी सांगायचा नाही, दुखतंय म्हणून.”

दादा सांगत नव्हता. मीही सांगत नव्हते. भिंतीवरचा काटा अकरा वीसवर सरकला. सर्जन दाराशी पोचले, एक पाय बाहेर. माझ्या तळव्यात त्या पोटाचा कडकपणा अजून तसाच होता, पुसला जात नव्हता.

“सर, थांबा. याला आधी घ्या.”

“का?”

“पोट कधीपासून कडक आहे, मला माहीत नाही. ‘मऊ’ मी पडद्याबाहेर उभी राहून लिहिलं. साडेदहाला मी याला हात लावलाच नव्हता.”