चपलांच्या रांगेतली कुबडी

ऐकायचं तर नीट बसून ऐका. मी कुबडी बोलतेय, सोलापूरच्या नागव्वाची. तोंडात 'बिचारी' हा शब्द असेल, तर आधी तो थुंकून या.

सुताराने मला बाभळीतून घडवलं आणि काखेत टोचू नये म्हणून वर चामड्याची गादी ठोकली. सन एकोणीसशे सव्वीस-सत्तावीसचा तो सुमार. लहानपणच्या तापात नागव्वाचा उजवा पाय वाळला होता. घरच्यांनी तिला चुलीपुढची जागा नेमून दिली होती. तिला मात्र व्यापार करायचा होता.

माल होता धोंडप्पा कापडवाल्याकडे. तो जांगडावर द्यायचा. खपलं त्याचे पैसे, उरलेलं परत. पहिल्याच दिवशी म्हणाला, लंगडीच्या हाती माल कसा सोपवू? घेऊन पळालीस तर?

"पळाले तर बघायला तरी या की, मालक," नागव्वा म्हणाली. "आमच्या आईला लई आनंद व्हईल."

दुकानातली गिऱ्हाइकं हसली. धोंडप्पा हसला नाही, पण गाठोडं बांधून दिलं.

शुक्रवार पेठेत तिचा जम बसला. मोठ्या घरच्या बायका दुकानाची पायरी चढत नसत आणि परक्या पुरुषाला माजघरात कोण घेणार? नागव्वा मालाची खोटी स्तुती करत नसे. हा रंग तुमाला शोभायचा न्हाय, असं तोंडावर सांगे. म्हणून तर बायका तिच्याकडूनच घेत.

पण मला उंबऱ्याशीच अडवत. घरात चामडं चालत नाही, कुबडी बाहेर ठेव. मी चपलांच्या रांगेत, आणि नागव्वा गाठोडं ओढत, बुडावर सरकत माजघरात. पोरी तोंडाला पदर लावून हसत. तिने चामडं उपटून चिंध्यांची गादी शिवली. तरी मी बाहेरच. का, तर आता तुला सवय झालीय की! म्हणजे चामड्याचं निमित्त होतं. सरकणारी बाई बघायची यांना चटक लागली होती.

त्यातलं सगळ्यात मोठं घर गुरम्माचं. एकदा सरकताना गाठोड्यातून एक पदर निसटून ओल्या फरशीला लागला. गुरम्मा म्हणाली, भुईला घासलेलं लुगडं आम्ही घेत नाही. भुईवर घासत कुणी आणलं, ते नाही बोलली.

धोंडप्पा भडकला. लवकरच गुरम्माच्या लेकीचं, नीलम्माचं लग्न होतं. लग्नाची सगळी लुगडी, सगळा बस्ता तिथे खपायचा होता. तो गुरम्माला पटला तर माल मिळत राहील, डाग लागला तर दुकानाचं तोंड बघायचं नाही, असं त्याने बजावलं.

बस्ता घेऊन गेलो त्या दिवशी गुरम्माच्या ओट्यावर नागव्वाने मला सोडलंच नाही.

"कुबडी ठेव आन् ये आत," गुरम्मा म्हणाली.

"मागं सरकत आले तर लुगडं बाटलं. आता सरकणार न्हाय. कुबडी आत येईल, न्हायतर बस्ता हितंच सुटंल."

"आमच्या बायका रस्त्यावर बसून लुगडी बघत न्हाईत. जा तू."

नागव्वाचा तळवा घामाने भिजला होता. मला कळत होतं. ती गेली नाही. ओट्यावर बसून तिने गाठ सोडली आणि हिरवं इरकल लुगडं मांडीवर पसरलं. समोरची रंभाबाई दार उघडून आली, तिच्यामागून आणखी दोघी. रंभाबाईने पदर चाचपून विचारलं, हे द्यायचंय का?

"नवरीचं हाय," नागव्वा म्हणाली. "पर नवरीच्या घराला नगंय."

नीलम्मा धावत उंबऱ्यात आली. "अव्वा, ते गेलं तर मी दुसरं नेसणार न्हाय."

गुरम्माने गल्लीकडे बघितलं, लेकीकडे बघितलं, मग माझ्याकडे. जणू मीच तिच्या कानफटात मारली होती.

"ये," ती म्हणाली. "तिला बी आण."

मी आत गेले. टकटक करत, मुद्दाम. आमच्या पाठीमागे तिने गोमूत्र शिंपडलं. शिंपडू दे. सगळा बस्ता तिथेच खपला.

आता माझं लाकूड भेगाळलंय. नागव्वाने नवी कुबडी करून घेतलीय, तिच्यावर ती पेठ फिरते. मला हार घालू नका, जपून ठेवू नका. चुलीत घाला, बाभळीचा जाळ चांगला होतो. पण तुमच्या दारी कुणी काठी टेकत आलं आणि 'ती बाहेर ठेव' म्हणावंसं वाटलं, तर आधी स्वतःचे पाय चपलांशेजारी काढून ठेवा आणि माजघरापर्यंत जाऊन दाखवा. मग बोला.